रहस्यकथा नेणाऱ्या सभासदांना, देवघेवीच्या टेबलावरून

प्रति,
रहस्यकथेच्या कपाटाचे सर्व सभासद,
सह्या केलेले आणि न केलेले

विषय : 'कापसाचं पुस्तक' आणि त्यावरून आलेली दोन निवेदनं

स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात कार्यकारी मंडळाकडे एकाच पुस्तकावरून दोन निवेदनं गेली. पहिल्यावर २३ सह्या, दुसऱ्यावर ६. दोन्ही माझ्याच टेबलावर, माझंच पेन मागून लिहिली गेली, त्यामुळे मजकूर मला तोंडपाठ आहे. पहिलं म्हणतं, नामवंत थरारकथा लेखकांची थरारकथा नसलेली पुस्तकं वाचनालयाने यापुढे घेऊ नयेत, वर्गणीदारांची फसवणूक होते. दुसरं म्हणतं, उलट अशीच घ्यावीत, कारण लेखकाने अखेर साहित्य लिहिलं आहे. मंडळाने दोन्ही कागद 'ग्रंथपालांच्या अभिप्रायासाठी' असा शेरा मारून माझ्याकडे परत पाठवले. मंडळाला अभिप्राय देईनच. पण सह्या तुमच्या आहेत, तर आधी तुमच्याशी बोलावं म्हटलं.

एक गोष्ट सुरुवातीलाच कबूल करते. चूक माझी आहे. वकिलांच्या थरारकथा लिहिणारे अमेरिकन लेखक जॉन ग्रिशॅम, त्यांचं 'अ पेंटेड हाऊस' आपल्याकडे देणगीत आलं, एका पेटीभर इंग्रजी पुस्तकांबरोबर. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव पुस्तकाच्या नावापेक्षा मोठं. पेटी उपसताना मी नाव पाहिलं, दाखल नोंदवहीत चढवलं, शिक्का मारला आणि त्यांच्या कोर्टकचेरीच्या कादंबऱ्या जिथे असतात तिथे ठेवून दिलं. आत खटला नाही, कापसाच्या शेतावरचं एका पोराचं बालपण आहे, ते पाहिलं नाही. ग्रिशॅम यांनी पुस्तक येतानाच जाहीर सांगितलं होतं की या गोष्टीत जिवंत किंवा मेलेला एकही वकील नाही. ते तुमच्यापर्यंत पोचवायचं काम माझं होतं. आणि पहिल्या निवेदनात 'वर्गणीच्या पैशांचा अपव्यय' असं जे लिहिलंय, त्याबद्दल एवढंच की या पुस्तकावर वाचनालयाचा एक रुपयाही गेलेला नाही. शाई तेवढी गेली.

तर त्या प्रतीचं काय झालं ते सांगते. आपली मुदत १५ दिवसांची. ग्रिशॅमचं पुस्तक एरवी चौदाव्या-पंधराव्या दिवशी परत येतं, कधी दंड भरून. हे पुस्तक तिसऱ्या दिवशी परत येऊ लागलं. मागची तारीख-चिठ्ठी पाहिली तर शिक्के एकाला एक चिकटून, लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे. आत पेन्सिल. पान ४० वर समासात 'खून?' पान ६२ वर 'अजून कापूसच!' त्याच्या खाली वेगळ्या अक्षरात 'वकील कधी येणार?' आणि त्याच्याही खाली तिसऱ्या अक्षरात, ठसठशीत, 'येणार नाही. परत करा.' ही तिन्ही अक्षरं मी ओळखते. इतकी वर्षं तुमच्या वर्गणीच्या पावत्या फाडतेय, अक्षर कोणाचं ते कळतं मला. काळजी करू नका, नावं सांगणार नाही.

आता ज्या २३ जणांनी सही केली त्यांच्या बाजूने बोलते, कारण तुमची बाजू कोणी नीट मांडतच नाही. तुम्हाला लोक आळशी वाचक समजतात. तसं नाही. तुम्ही माझ्याकडून लेखक नेत नाही, खात्री नेता. आपल्या एक सभासद आहेत, त्यांच्या यजमानांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. त्या बाहेर बाकावर चार-चार तास बसतात. एकदा मी त्यांना एक चांगली, नावाजलेली कादंबरी देऊ केली. त्या म्हणाल्या, "ताई, मला असं द्या की शेवटी सापडतो हे आधीच माहीत असलं पाहिजे. न सापडणारं घरी भरपूर आहे." त्या दिवसापासून मी रहस्यकथा वाचणाऱ्यांना काही सुचवताना दहादा विचार करते. अशा माणसाला मुखपृष्ठावरचं ओळखीचं नाव पाहून पुस्तक द्यायचं आणि आत सात वर्षांच्या पोराचं बालपण निघायचं, याला त्यांनी फसवणूक म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

वाचकांचा असा राग काही आजचा नाही. आर्थर कॉनन डॉयल यांना शेरलॉक होम्सचा इतका वैताग आला होता की १८९१ सालीच त्यांनी आईला पत्रात कळवलं, मी याला मारून टाकायचं म्हणतोय, याच्यामुळे माझं मन चांगल्या कामांपासून दूर जातं. आईने ठणकावून विरोध केला. दोन वर्षं आईचं चाललं. डिसेंबर १८९३ च्या 'स्ट्रँड' मासिकात होम्स धबधब्यात गेला. मासिकाचे २० हजारांवर वर्गणीदार तुटले असं सांगतात, आणि एका बाईंनी लेखकाला जे पत्र धाडलं त्याची सुरुवातच 'पशू कुठला!' अशी होती. हे डॉयल यांनी स्वतःच आत्मचरित्रात नोंदवून ठेवलंय. वर्गणीदार तुटणं म्हणजे काय ते मला विचारा. आपल्याकडे पाच जणांनी अनामत परत मागितली तरी अध्यक्षांचा फोन येतो.

पण या गोष्टीतला एक भाग लोक विसरतात. डॉयल यांना ज्या 'चांगल्या कामांचं' वेड होतं ती म्हणजे त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या. 'मायका क्लार्क' १८८९ ची, 'द व्हाइट कंपनी' १८९१ ची. म्हणजे होम्स जिवंत असतानाच ते सरदार-शिलेदारांच्या गोष्टीही लिहीत होते आणि त्याबद्दल कोणी त्यांना पशू म्हटलं नव्हतं. ज्यांना तलवारी आवडत त्यांनी तलवारी वाचल्या, ज्यांना होम्स हवा त्यांनी होम्स वाचला. बोंब उठली ती होम्सचं दार कायमचं बंद झालं तेव्हा. मग १९०१ साली 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' मासिकात सुरू झालं, १९०३ मध्ये होम्स धबधब्यात पडलाच नव्हता असं निघालं, आणि १९०६ मध्ये डॉयल यांनी शांतपणे पुन्हा एक सरदाराची कादंबरी छापली.

ग्रिशॅम यांनी दार बंद केलेलं नाही. १९९१ च्या 'द फर्म'पासून पुढे दहा वर्षं हा माणूस जवळजवळ दरवर्षी एक वकिलांची कादंबरी देत आला. २००१ च्या सुरुवातीला हे कापसाचं पुस्तक आलं, तेही आधी एका छोट्या साहित्यिक नियतकालिकात क्रमशः छापून झालेलं. आणि २००२ मध्ये ते परत कोर्टात हजर. रुसून बसायला त्यांनी तुम्हाला धड वर्षसुद्धा दिलं नाही. तेव्हा 'आमचा लेखक गेला' हा सूर मला पटत नाही. आपल्या कपाटात त्यांच्या कोर्टाच्या कादंबऱ्या आहेतच, त्यातल्या निम्म्या बाइंडिंगला गेल्यात तुमच्याच हातांनी.

स्टीव्हन किंग यांची 'मिझरी' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नेलीय. त्यात लेखकाने लोकप्रिय मालिकेतली नायिका मारून वेगळीच कादंबरी लिहिलेली असते, आणि त्याची 'एक नंबरची चाहती' त्याला घरात कोंडून ते नवं हस्तलिखित त्याच्याच हाताने जाळायला लावते. ती कादंबरी तुम्ही मिटक्या मारत वाचता. मग पहिल्या निवेदनाचा तिसरा मुद्दा, 'असे ग्रंथ संग्रहातून काढून टाकावेत', पुन्हा एकदा वाचून पाहा. मी फक्त म्हणतेय वाचून पाहा.

काही जण म्हणाले, मग वेगळ्या नावाने लिहावं की. अगाथा ख्रिस्ती यांनी तसं केलं होतं. १९३० ते १९५६ या काळात मेरी वेस्टमॅकॉट या नावाने त्यांनी सहा कादंबऱ्या लिहिल्या, खुनाशिवायच्या, नवरा-बायको आणि आई-मुलींच्या. जवळपास वीस वर्षं कोणाला पत्ता लागू दिला नाही. त्यातल्या एका कादंबरीबद्दल त्या म्हणत की पूर्ण समाधान देणारं माझं हे एकच पुस्तक, आणि ते त्यांनी तीन दिवसांत लिहिलं होतं. हे सगळं सरळ वाटतं. पण आता बाजारात त्याच कादंबऱ्या मिळतात त्यांवर अगाथा ख्रिस्ती हे नाव छापलेलं असतंच, वेस्टमॅकॉट त्याच्या जोडीला. बाईंनी जे प्रामाणिकपणे वेगळं ठेवलं होतं ते प्रकाशकांनी एकत्र करून टाकलं. त्यामुळे राग काढायचाच असेल तर मुखपृष्ठ करणाऱ्यांवर काढा. शेतातल्या घराच्या गोष्टीवर खुनाच्या कादंबरीची अक्षरं कोण चढवतं? लेखक नाही चढवत.

आता दुसऱ्या निवेदनाकडे येते. सह्या सहाच, पण मला जास्त लागलं ते हेच. 'लेखकाने अखेर साहित्य लिहिलं.' हा 'अखेर' कुठून आला? म्हणजे आधीची दहा वर्षं तो माणूस काय किराणा विकत होता? सहाही सभासद माझे आदरणीय आहेत, दोन तर माझे शिक्षक. तरी विचारते, पुस्तक शेवटपर्यंत वाचलंत ना? मग ते तुम्हाला कशाने ओढत नेलं? ल्यूक नावाचा तो सात वर्षांचा पोरगा एकेक गुपित पोटात घालत जातो. एका मारामारीत माणूस मेला ते त्याने पाहिलंय, शेजारच्या बाळाचा बाप कोण त्याची कुजबूज त्याच्या कानावर आलीय, पुढे तर तो लपून एक खून बघतो, आणि ज्याने केला तो त्याला दम देतो. प्रत्येक पानावर एकच धास्ती, पोर आता बोलणार की नंतर? ही धास्ती रचायची विद्या ग्रिशॅम कुठे शिकले? त्या कोर्टाच्या कादंबऱ्यांतच शिकले. कापूस त्यांच्या बालपणातला आहे, ते अर्कान्सॉच्या त्याच ब्लॅक ओक परिसरातल्या शेतावर लहानपणी राहिलेत. पण तो कापूस चारशेच्या आसपास पानं वाचायला लावतो तो थरारकथेच्या हातामुळे.

आणि जाता जाता पहिल्या २३ जणांनाही कळलं असेल, खून आहेत. तुम्ही बासष्टाव्या पानावर सोडलंत.

हाच 'अखेर' मी मराठीतही ऐकत आलेय. सुहास शिरवळकर. जुन्या सभासदांना आठवेल, फिरोज इराणी, दारा बुलंद, बॅरिस्टर अमर विश्वास, मंदार पटवर्धन या त्यांच्या नायकांच्या बारीक बारीक रहस्यकादंबऱ्या. मी लहान असताना वडिलांच्या उशाखाली असायच्या. त्याच शिरवळकरांनी 'दुनियादारी' लिहिली, एस. पी. कॉलेजच्या पोरांची, १९८२ मध्ये. २०१३ ला सिनेमा आला आणि ज्या मुलांनी कधी कार्ड काढलं नव्हतं ती टेबलापुढे रांग लावून उभी. आपल्याकडे तेव्हा दोनच प्रती, त्यातली एक शेवटची आठ पानं नसलेली. मला तो महिना विसरता येत नाही. पोरं ती शेवट नसलेली प्रतसुद्धा न्यायला तयार होती, "शेवट पिक्चरमध्ये बघितलाय" म्हणून. त्यांना बजावलं, पिक्चरवर जाऊ नका, शेवट पुस्तकातलाच वाचा, आणि दुसरी प्रत येईपर्यंत थांबा.

त्यावेळी एक गृहस्थ म्हणाले, "शिरवळकरांनी एक दुनियादारी लिहिली, बाकीचं सोडा." मी काही बोलले नाही, पण रांगेतल्या त्याच मुलांपैकी दोघं-तिघं पुढच्या महिन्यात विचारत आले, "यांचं अजून काय आहे?" मी फिरोज इराणी काढून दिला. ती वाट उलटी चालली होती, तुम्ही रहस्याकडून आलात, ते कट्ट्यावरून रहस्याकडे गेले. 'दुनियादारी'त माणसं जी तडातडा बोलतात, एकेका वाक्यात प्रसंग फिरतो, ते बळ त्या उशाखालच्या कादंबऱ्यांनी दिलंय असं मला वाटतं. २०२० मध्ये 'समांतर'ची वेब मालिका आली तेव्हा परत तेच झालं, या वेळी गूढ वाचणाऱ्यांची रांग. लेखक तोच. कपाटं आम्ही लोकांनी केलीत.

रत्नाकर मतकरींच्या बाबतीत मात्र हे भांडण आपल्याकडे कधीच झालं नाही, याचं मला कुतूहल आहे. गूढकथा नेणारा वाचक आणि पोराला 'अलबत्या गलबत्या' दाखवायला नेणारा बाप एकच असायचा. बहुधा त्यांनी सगळं आधीपासून बरोबरीनेच केलं, म्हणून कोणाला ते फक्त आपले वाटले नाहीत. असो, हे विषयांतर झालं.

मूळ पुस्तकाकडे येते. तिसऱ्या दिवशी परत येणारं पुस्तक आहे तरी काय, म्हणून एके दिवशी ते मी स्वतःच्या कार्डावर घरी नेलं. ऑक्टोबर संपत आला होता. आमच्या शेतात वेचा सुरू होता. सासऱ्यांना आता शेतावर जाववत नाही, गुडघे गेलेत, त्यामुळे सगळा वेचा ते ओसरीवर खुर्चीत बसून करतात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत राहतात. मी वाचत बसले होते. त्यांनी विचारलं काय वाचतेस. म्हटलं, अमेरिकेतल्या कापसाचं आहे. ते म्हणाले, "सांग."

मग रोज रात्री जेवणं झाली की दहा-बारा पानं मराठीत सांगायचा क्रम लागला. १९५२ सालचा सप्टेंबर, डोंगरातून आलेली कुटुंबं आणि मेक्सिकोहून ट्रकने आलेले मजूर एकाच दिवशी शेतावर पोचतात, तिथून गोष्ट सुरू होते. वेचणारे खांद्याला एक लांबच लांब पिशवी अडकवतात आणि सरीतून मागे फरफटत नेतात, असं मी सांगितलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "ओटी नाई बांधत?" म्हटलं नाही, पिशवी. "मंग मातीत घासून कचरा नाई का भरन?" हा प्रश्न काही ग्रिशॅम यांना कोणी विचारला नसेल. पुढे ट्रेलरपाशी वजन करण्याचा प्रसंग आला. शंभर पौंडांमागे मजुरी ठरलेली.

"काटा कोनाचा?"

"मालकाचा, बाबा."

"मंग बराबर हाये. मालकाचा काटा साऱ्या जगात एकच."

खुनाच्या प्रसंगाला ते फारसे दचकले नाहीत. त्यांना धास्ती होती ती पाण्याची. रोज रात्री गोष्ट सुरू करायच्या आधी विचारायचे, "पानी आलं का त्याइच्याकडं?" अजून नाही म्हटलं की मान हलवायचे. सेंट फ्रान्सिस नदीचं पाणी चढू लागलं त्या रात्री त्यांनी मला निम्म्यात थांबवलं आणि म्हणाले, उद्या सांग. दुसऱ्या दिवशी दुपारीच फोन केला मला, इथे, वाचनालयाच्या लँडलाइनवर. पुस्तक संपेपर्यंत संध्याकाळचा टीव्ही बंद होता आमच्या घरी. रहस्यकथेने कोणाला इतकं खिळवलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि हा माणूस वाचनालयाचा सभासदही नाही.

खरं सांगायचं तर मला स्वतःला ते पुस्तक मधे मधे रेंगाळलेलं वाटलं. रेडिओवरच्या बेसबॉलची पानं मी सरळ गाळली. सासऱ्यांचं त्यावाचून काही अडलं नाही.

तेव्हा मंडळाला माझा अभिप्राय असा जाणार आहे की खरेदी थांबवू नये आणि कोणतंही पुस्तक काढून टाकू नये. 'अ पेंटेड हाऊस' मी रहस्यकथेच्या कपाटातून हलवून इंग्रजी कादंबऱ्यांत ठेवलं आहे. आतल्या पहिल्या कोऱ्या पानावर चिठ्ठी चिकटवलीय, 'यात वकील नाही. कापूस आहे. खून आहेत, पण घाई नाही.' यापुढे ओळखीच्या नावाचं अनोळखी पुस्तक आलं की अशी चिठ्ठी मी लावत जाईन, त्यासाठी आधी वाचेन, आणि त्यामुळे नवी पुस्तकं टेबलावर यायला आठवडाभर उशीर झाला तर कुरकुर करू नका. चिठ्ठी वाचूनही नेलंत आणि आवडलं नाही, तर तिसऱ्या दिवशी खुशाल परत करा. तोंडी शिव्या दिल्यात तरी ऐकून घेईन. फक्त पेन्सिल आवरा. तुमच्यानंतर ते पुस्तक कोणाच्या ओसरीवर जाणार आहे ते तुम्हाला माहीत नसतं.

जुन्या खुणा मी खोडून काढल्या. बहुतेक गेल्या. पान ६२ वर कागद विरला म्हणून हात थांबवला, तिथे 'अजून कापूसच!' पुसट दिसतं अजून. गोष्ट सांगताना ते मी सासऱ्यांना वाचून दाखवलं होतं. त्यांना वाटलं पुस्तकातलंच आहे. म्हणाले, "बराबर लिवलं त्यानं."

ती प्रत सध्या बाहेर आहे. ज्यांच्याकडे आहे त्यांची पहिल्या निवेदनावर चौथी सही आहे, आणि आज बारावा दिवस आहे. पुढे दोन जणांनी नंबर लावून ठेवलाय, तेव्हा कृपया शुक्रवारपर्यंत परत करावी. दंड दिवसाला एक रुपया, तो वकिलांनाही लागू आहे.

आपली,
देवघेवीच्या टेबलावरची ग्रंथपाल